उर्मिलाताईंचे राहिलेले साडेतीन किलोमीटर

हेलिकॉप्टर आलं नव्हतं. हे मी एकदाचं लिहून ठेवतो, कारण आयर्लंडमध्ये स्वोर्ड्सपासून पोर्टलीशपर्यंतच्या मराठी घरांत ते गेलं वर्षभर येतंय, आणि दर वेळी थोडं मोठं होऊन येतंय. मी शेवटचं ऐकलं तेव्हा त्यातून दोर सोडला होता आणि दोराला उर्मिलाताई लटकत होत्या. प्रत्यक्षात एक जीप आली होती, डोंगरातल्या बचाव पथकाचे सात स्वयंसेवक आले होते आणि एक कुत्रा आला होता. त्यांना बोलावलं मी. बोलावण्याचं काहीही कारण नव्हतं.

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्या शेजारीण उर्मिलाताई देशकर विकलोच्या डोंगरातली खिंड एकट्या चालत ओलांडायला निघाल्या. डोंगराच्या पश्चिमेला हॉलिवूड नावाचं गाव आहे. खरंच आहे. थोडी घरं आणि पुष्कळ मेंढ्या. तिथून सकाळी निघायचं, विकलो गॅप नावाची खिंड चढायची आणि पलीकडे ग्लेंडालॉकला जुन्या मठाच्या दगडी कमानीपाशी उतरायचं. तीस किलोमीटर. फार पूर्वी इथले साधू या वाटेने जायचे म्हणतात. त्यांची कोणी वाट पाहत नव्हतं म्हणून ते सुखरूप पोचले असावेत.

उर्मिलाताईंची वाट मी पाहत होतो. कमानीजवळच्या बाकावर, मांडीवर त्यांचा जेवणाचा डबा घेऊन. पाचपर्यंत येते म्हणाल्या होत्या. साडेपाच झाले. डोंगराच्या माथ्यावर धुकं उतरलं. त्यांचा फोन लागेना, कारण खिंडीखालच्या त्या उतारावर कुणाचाच लागत नाही. पण हे त्या क्षणी मला आठवलं नाही. मी त्यांच्या यजमानांना, मुरलीधररावांना, फोन केला. मुरलीधरराव विमानांची इंजिनं तपासण्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ. आवाज आला की काळजी करायची आणि आवाज नसला की करायची नाही, असा त्यांचा हिशेब. ते म्हणाले, "येईल. तिला वेळ लागतो." आणि ठेवला.

सहाला दहा कमी असताना मी ११२ लावला. पलीकडची बाई इतक्या शांत, मायाळू आवाजात विचारत होती की मला माहीत नव्हतं तेही मी सांगत गेलो. वय? साठ. जॅकेट? लाल. तब्येत? नाजूक. यातलं 'नाजूक' तर केवळ वाक्य चांगलं व्हावं म्हणून निघालं. उर्मिलाताई सत्तावन्नच्या आहेत, जॅकेट मेंदी रंगाचं होतं, आणि नोकरीत त्या दिवसभर बावीस-बावीस किलोच्या बॅगा फळीवर चढवतात.

स्वयंसेवकांना त्या शिशाच्या जुन्या खाणीच्या पडक्या भिंतींपाशी सापडल्या. बूट काढलेले, मोजे दगडावर वाळत घातलेले, हातात पोह्यांचा डबा. सर्वांत आधी कुत्रा पोचला आणि त्याने निम्मे पोहे संपवले. त्या मंडळींना ताईंनी परोपरीने सांगितलं की मी ग्रँड आहे, म्हणजे इथल्या भाषेत अगदी मजेत, तुम्ही जा. पण बोलावणं आलं म्हणजे माणूस खाली आणून दाखवावा लागतो. त्यातला एक जण मुलीच्या वाढदिवसाचा केक कापायचा सोडून आला होता. आता त्याला आपल्या चालीने साडेतीन किलोमीटर चालवायचं का? ताई जीपमध्ये बसल्या. निव्वळ सभ्यतेपोटी बसल्या. कमान साडेतीन किलोमीटर राहिली.

जीपमधून उतरून त्या सरळ माझ्या गाडीत बसल्या. घरी जाताना, ब्युमॉन्टच्या सिग्नलपाशी, अचानक म्हणाल्या, "मी का हरवली होती का?"

ताई एरवी स्वच्छ प्रमाण मराठी बोलतात. रागावल्या की नागपूर बाहेर येतं.

"नाही, ताई."

"मी पोहे खाऊन राहिली होती."

"हो, ताई."

पुढच्या सिग्नलपाशी म्हणाल्या, "आणि साठ काहून सांगितलं?"

यातला अपमान किती खोल होता हे समजायला त्यांची नोकरी माहीत पाहिजे. उर्मिलाताई विमानतळावर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर काम करतात. वीस वर्षं झाली. नागपूरहून आल्या तेव्हा तात्पुरती म्हणून धरली होती. रोज तिथे छत्र्या येतात, एकेकटे मोजे येतात, कवळ्या येतात. एकदा लग्नाचा अख्खा पोशाख आला होता आणि तीन दिवस कुणी विचारायला आलं नव्हतं. ताईंना ती नवरी अजून आठवते. प्रत्येक वस्तू त्या पारदर्शक पिशवीत घालतात, तिला चिठ्ठी बांधतात, चिठ्ठीवर वर्णन लिहितात आणि नंबर असलेलं प्लॅस्टिकचं सील ओढून घट्ट करतात. मग मालकाचा माग काढायचा. एका आजोबांचं कानातलं यंत्र त्यांनी पत्ता शोधून पार डोनेगॉलला धाडलं. या सगळ्यातून त्यांचं एक तत्त्वज्ञान तयार झालं आहे. वस्तू हरवत नसते, त्या म्हणतात. ती असते तिथेच असते. गोंधळ मालकाच्या डोक्यात असतो.

अशा बाईची नोंद मी हरवलेल्यांत केली होती. वर्णनही चुकवलं होतं.

पण त्या मुळात एकट्या चालायला का निघाल्या, त्याचं मूळ डब्यांत आहे. आमच्या मराठी मंडळाची दर ऑगस्टला याच वाटेवर मोठी चाल असते. इतर देशांची माणसं डोंगरात जाताना खिशात सँडविच टाकतात. आपल्याला ते जमत नाही. तीस किलोमीटर चालून आल्यावर समोर थंड पाव आला तर आपला माणूस म्हणतो, मग चाललो कशासाठी? त्यामुळे पोचल्यावर गरम वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर आणि गोडाचं काहीतरी लागतं. हे सगळं पाठीवर जात नाही. म्हणजे एका माणसाने चालायचं नाही; पातेली गाडीत घालून, घाट चढून-उतरून, वेळेवर पलीकडे पोचायचं. पहिल्या वर्षी उर्मिलाताईंचा पाय मुरगळला होता म्हणून त्यांनी हे काम घेतलं. आमच्या मंडळात एकदा केलेलं काम आडनावासारखं चिकटतं. पुढची अकरा वर्षं त्यांचा पाय ठणठणीत होता आणि त्या डबे नेत होत्या. खिंडीतलं प्रत्येक वळण त्यांना पाठ होतं, गाडीच्या काचेतून.

काचेतून त्यांना आणखीही दिसलं. चालीचं नेतृत्व करतात संजीव. माणूस सोन्यासारखा, फक्त मनगटावरच्या घड्याळाचं ऐकतो. घड्याळ म्हणतं ताशी पाच, म्हणून सगळ्यांनी ताशी पाच. दर वर्षी पाच-सहा बायका मागे पडत. संजीव त्यांना खिंडीतल्या पार्किंगपाशी थांबवून ताईंना फोन करत. "ताई, जरा यांनाही घ्या ना." त्या पाच-सहा जणी पातेल्यांशेजारी बसून खाली येत आणि पोचल्यावर वाढायला लागत. ताई म्हणायच्या, दर वर्षी माझ्या गाडीतून डबे उतरतात आणि बायका उतरतात, आणि दोन्ही कुणीतरी नेऊन ठेवल्यासारखे. बायकांना तर चालायचं असतं.

म्हणून ताईंना चालीचं नेतृत्व करायचं होतं. सर्वांत हळू चालणाऱ्या बाईच्या वेगाने. संजीवचा नियम साधा होता: ज्याने नेतृत्व करायचं त्याने पूर्ण वाट एकदा तरी स्वतः चाललेली हवी. नियम बरोबरच आहे. म्हणून त्या मे महिन्यात निघाल्या, आणि म्हणून माझा तो फोन एवढा महागात पडला.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत संजीव फार हळुवारपणे म्हणाले, "ताई, ज्यांना रेस्क्यू करावं लागलं त्यांनाच लीडर केलं तर लोक काय म्हणतील? आणि ते साडेतीन किलोमीटर राहिलेच ना. तुम्ही आपलं डब्यांकडे बघा. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही."

ताई म्हणाल्या, "बरं."

त्यांचं 'बरं' ज्यांनी ऐकलं आहे त्यांना कळेल. ते होकाराचं 'बरं' नसतं. खिडकीवर कोणी येऊन 'ही काळी बॅग माझीच' म्हणाला, की पुरावा म्हणून किल्ली मागण्यापूर्वी त्या हेच म्हणतात.

त्या ऑगस्टला त्यांनी मुकाट्याने डबे नेले. हिवाळाभर रोज संध्याकाळी विमानतळाच्या कुंपणाकडेने चालत राहिल्या. इथल्या हिवाळ्यात पाऊस आडवा येतो. समोरून येणारी ती मेंदी रंगाची आकृती मी खिडकीतून पाहायचो आणि पडदा ओढून घ्यायचो. फेब्रुवारीतही त्या आकृतीने चाल वाढवली नाही की कमी केली नाही. ताशी तीन.

या वर्षी मे संपता संपता त्या आमच्या दारात आल्या. माझी बायको मुक्ता म्हणाली, "या ना, चहा टाकते."

"चहा नको. अनिमेष आहे का?"

मी होतो.

"जूनच्या दुसऱ्या रविवारी मी जातेय. पहिल्यापासून. तू डबा घेऊन यायचं."

"मी?" मी म्हणालो. "ताई, माझ्याऐवजी दुसरं कोणी..."

"ज्याने बिघडवलं त्यानेच यायचं. दुसऱ्याला आणखी शिकवत बसू काय?"

मुक्ता स्वयंपाकघरात गेली. हसायला गेली हे मला कपाटाचं दार बराच वेळ उघडं राहिलं यावरून कळलं.

जेवणाला काय आणायचं तेही ठरलं होतं. वरणभात, तूप, लिंबू. गरम. ते मीच करायचं आणि मीच आणायचं, मुक्ताने नाही. पातेलं कसं बांधायचं याचा एक धडा झाला: झाकणावरून जुनी ओढणी आवळायची, मग टॉवेल, मग दुलई, मग थर्माकोलचं खोकं, आणि खोक्याच्या चारी बाजूंनी उशा, म्हणजे वळणावर डचमळत नाही. मी मान डोलावत होतो. उशा मला अतिशयोक्ती वाटल्या.

रविवारी सकाळी आठला दहा कमी असताना आम्ही हॉलिवूडला पोचलो. ताईंनी बुटाच्या नाड्या दोनदा बांधल्या. मग पाठपिशवीतून एक कागद काढला. त्यावर त्यांच्या गोल अक्षरांत लिहिलं होतं: आठ वाजता हॉलिवूड, तीनला खिंड, पाचला खाण, साडेसहाला कमान. खाली एक रेघ आणि रेघेखाली: 'आठला सील तोड.'

"कुठलं सील?"

"फोन दे."

त्यांनी माझा फोन एका पारदर्शक पिशवीत घातला. पिशवीला चिठ्ठी बांधली, सील ओढलं, नंबर स्वतःच्या वहीत उतरवला आणि पिशवी मला परत दिली. चिठ्ठीवर रीतसर रकाने होते. वस्तू: फोन. रंग: काळा. शेरा: मालक घाबरट.

"गेल्या वर्षी त्या लोकांनी मला एक गोष्ट चांगली सांगितली," ताई म्हणाल्या. "शेवटची वेळ कोणाला तरी सांगून जायची. सांगितलीय. आठ. आठच्या आधी हे तुटलेलं दिसलं तर तुझ्याशी बोलणार नाही. आठ वाजून एक मिनिटाने नाही तुटलं तर मग मात्र मारीन. कळलं?"

"आणि मधेच काही झालं तर?"

"मला झालं तर माझ्याकडे शिटी आहे. तुला झालं तर तू बघ."

आणि त्या निघाल्या. वाट दाखवणारा, पिवळ्या माणसाच्या खुणेचा एक खांब होता, त्याच्याशेजारून वर गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. मी हात केला होता, तो मेंढ्यांनी पाहिला.

घरी जाऊन वरणभात केला. दुपारी गाडी घेऊन निघालो. मला त्याच खिंडीतून पलीकडे जायचं होतं; रस्ता आणि वाट काही ठिकाणी अगदी हाकेच्या अंतरावर येतात. तीन वाजायच्या सुमारास माळावर, लाकडी फळ्यांच्या पायवाटेवर, एक मेंदी रंगाचा ठिपका दिसला. मी गाडी हळू केली. काच खाली केली. हाक मारणार इतक्यात त्या ठिपक्याने, मान न वळवता, काठी उचलून पुढे दाखवली. चल, पुढे हो.

मी पुढे झालो. जरा घाईनेच झालो आणि पहिल्याच वळणावर मागून 'धप्प' असा आवाज आला. दुसऱ्या वळणावर वास आला. उशा मी घेतल्या नव्हत्या.

ग्लेंडालॉकच्या पार्किंगमध्ये मी मागचं दार उघडलं. हिंगाचा खमंग दरवळ त्या दरीत त्या दिवशी पहिल्यांदाच पसरला असावा. शेजारच्या गाडीतल्या बाईने आपल्या नवऱ्याला विचारलं हे काय आहे, आणि नवरा म्हणाला सूप. अर्धं वरण दुलईत होतं. पातेल्यात अर्धं उरलं होतं, भात शाबूत होता. मी टॉवेल पिळत बसलो आणि पिळताना लक्षात आलं की बारा वर्षं, चाळीस माणसांचं वरण, याच वळणांवरून, आणि एक थेंब सांडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आम्ही पोचायचो, हात धुवायचो, जेवायचो. 'वा, गरम आहे' म्हणायचो. गरम कसं राहिलं हे कोणी विचारलं नव्हतं.

पातेलं पुन्हा ओढणीने आवळून, ताट, तूप आणि लिंबू घेऊन कमानीजवळच्या बाकावर बसलो. साडेसहा वाजले. कमानीतून पुष्कळ माणसं आली. मेंदी रंगाचं कोणी नाही.

पावणेसात. डोंगराच्या माथ्यावर पाचलाच आलेलं तेच गेल्या वर्षीचं धुकं अजून होतं. बहुधा तेच, मला ओळखत होतं.

सात. पिशवीतला फोन मांडीवर होता. माणसाला आपला फोन दिसतोय, वेळ दिसतेय, बॅटरी दिसतेय, पण हात लावता येत नाही. पिशवीतून बोट दाबलं तरी चालू होतो, हे मला सातला पाच मिनिटं असताना कळलं होतं. सील न तोडता फोन करता आला असता. मी पिशवी उलटी करून ठेवली. आता चिठ्ठी वर आली. शेरा: मालक घाबरट. पुन्हा सुलटी केली.

सव्वासातला पाठीमागून आवाज आला, "अरे अनिमेष, तू इथे?"

संजीव. पुण्याहून त्यांचा साडू आणि मेहुणी आले होते, त्यांना दाखवायला घेऊन आले होते. पाहुण्यांना ग्लेंडालॉक दाखवणं आम्हा कोणालाच चुकत नाही. पाहुणे तळ्याकडे गेले. संजीव बाकावर बसले.

"हे काय? फोन पिशवीत?"

मी चिठ्ठी हाताने झाकली. पण त्यांनी समोरचं पातेलं पाहिलं, डोंगराकडे पाहिलं, आणि त्यांच्या मनगटाने त्यांना काहीतरी सांगितलं असावं.

"ताई वर आहेत?"

"येतायत."

"कधी यायच्या होत्या?"

"साडेसहा."

"सव्वासात झालेत. डोंगर दिसत नाहीये, अनिमेष."

"आहे तिथेच. गोंधळ आपल्या डोक्यात असतो."

त्यांनी फोन काढला. आधी मुरलीधररावांना लावला. एवढी सभ्यता त्यांच्यात आहे. स्पीकर चालू होता.

"मुरलीधरराव, उर्मिलाताई अजून उतरल्या नाहीत."

"तिने किती वाजता सांगितलंय?"

मी म्हणालो, "आठ."

"मग आत्ता किती वाजलेत?" मुरलीधररावांनी विचारलं, आणि ठेवला.

संजीव उभे राहिले. "त्यांचं ठीक आहे. पण उद्या काही झालं तर मंडळ म्हणून जबाबदारी माझी. मी ११२ लावतो."

त्यांची काळजी खरी होती. गेल्या वर्षी त्याच जागी, त्याच चेहऱ्याने मी बसलो होतो, म्हणून मला ती ओळखू आली. जीप पुन्हा दिसत होती मला, आणि जीपमध्ये पुन्हा ताई. मग पुढची अकरा वर्षं पातेली. आणि त्यांच्याबरोबर त्या पाच-सहा जणी.

मी कधी कोणाला अडवलेलं नाही. बसमध्ये कोणी पायावर पाय दिला तर मीच सॉरी म्हणतो. पण मी उठलो आणि म्हणालो, "संजीव, जेवलात?"

"काय?"

"वरणभात आहे. गरम. तूप आहे."

"अरे, ही वेळ आहे का?"

"साडेसात होतायत. हीच वेळ आहे."

मी झाकण काढलं. दिवसभर पाहुण्यांबरोबर थंड सँडविचवर फिरलेल्या माणसाच्या नाकाशी वाफ गेली, त्याने फोनवरचा अंगठा सैल केला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ताट हातात दिलं. ताट धरायला दोन हात लागतात. मी भाताची मूद घातली, वरण घातलं, वर तूप, लिंबाची फोड. पहिला घास घेऊन ते म्हणाले, "हिंग जरा जास्त झालाय." म्हणजे आता ते जेवत होते.

"आठला मी स्वतः फोन करणार आहे," मी म्हणालो. "त्याच्या आधी कोणीही नाही. आणखी वाढू?"

"थोडं."

दोनदा थोडं घेतलं. पातेल्यात तळ दिसायला लागला. वरण संपलं. मी घड्याळाकडे पाहत होतो, संजीव ताटाकडे. आठला अठरा मिनिटं होती तेव्हा धुक्याची खालची कड जरा उचलली. वरच्या वाटेवर काहीतरी हललं, आणि मला मेंढी वाटली. मेंढीच्या हातात काठी होती.

ताई आल्या. ताशी तीन. घाई नाही, लंगडणं नाही. गुडघ्यापर्यंत चिखल. आमच्या समोरून गेल्या, दोन पावलांवरून, आणि आमच्याकडे पाहिलंही नाही. संजीव ताट घेऊन अर्धवट उभे राहिले, "ताई..." त्या थांबल्या नाहीत. थेट कमानीपाशी गेल्या, दगडावर तळहात ठेवला आणि काही वेळ तशाच उभ्या राहिल्या. कोणी फोटो काढणारं नव्हतं. माझा फोन पिशवीत होता आणि संजीवचे हात भरलेले होते.

मग परत आल्या. बाकावर बसल्या. माझ्याकडे हात पुढे केला. मी पिशवी दिली. त्यांनी सीलचा नंबर वहीशी ताडून पाहिला, पिशवी उलटीसुलटी केली आणि माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत त्या खिडकीपुढे किती खोटं बोलणारे उभे राहिले असतील कोण जाणे. मला त्यांनी जाऊ दिलं. खिशातून कात्री काढून सील कापलं आणि फोन परत दिला.

"उशीर झाला, ताई," संजीव म्हणाले. "आम्हाला फार काळजी..."

"खाणीपाशी धुकं आलं. धुक्यात चालायचं नाही. बसले. पोहे काढले." त्यांनी बूट काढायला घेतले. "गेल्या वर्षी अर्धे राहिले होते."

"एक तास?"

"धुकं आलं की बसायचं, गेलं की उठायचं. मागून कोण हाकलून राहिलं आपल्याला?"

ताईंनी एक मोजा पिळला, बराच वेळ पिळला आणि म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये सकाळी सात वाजता हॉलिवूड. सात म्हणजे सात. घड्याळं घरी ठेवून यायचं. खिंडीत कोणालाही गाडीत बसवायचं नाही."

संजीवच्या तोंडात घास होता. त्यांनी मान हलवली. वर-खाली हलवली, ती मी नीट पाहून घेतली. मग घास गिळून म्हणाले, "पूर्ण वाट झाली म्हणजे झाली, ताई. नियम नियम आहे." तसे ते सरळ आहेत. तळ्याकडून त्यांचे पाहुणे हाका मारत होते. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं आणि गेले. जाताना कमानीपाशी थांबून त्यांनी दगडाकडे पाहिलं, हात मात्र लावला नाही.

ताईंनी पातेलं पुढे ओढलं. आत पाहिलं. भाताची खरवड होती आणि एक लिंबाची फोड. खरवड काढून ताटात घेतली, लिंबू पिळलं, तूप घातलं आणि जेवल्या. तीस किलोमीटर चालून आलेल्या माणसाचं जेवण तेवढंच, आणि मी बाजूला बसून होतो. संजीवला अडवायला वरण खर्ची पडलं, हे मी सांगितलं. त्या "हूं" म्हणाल्या. उरलेल्या अर्ध्या वरणाचं काय झालं, ते मी सांगितलं नाही.

ताट पुसून गाडीकडे गेलो. त्यांनी मागचं दार उघडलं. दुलई पाहिली, बोटाने दाबून पाहिली, खोक्याच्या चारी बाजू पाहिल्या. उशा कुठे आहेत ते विचारलं नाही. पुढे येऊन बसल्या, पट्टा लावला, डोकं मागे टेकलं.

खिंडीचा चढ लागला तेव्हा अजून चांगला उजेड होता. धुकं पार निघून गेलं होतं आणि दुपारची ती फळ्यांची पायवाट उजवीकडे माळावरून लांबवर दिसत होती. त्या तिच्याकडे पाहत होत्या, आता परत काचेतून. मला एकाएकी भरून आलं. माणसाने वर्षभर एका गोष्टीचा पाठपुरावा करावा आणि ती करून दाखवावी, आणि आपण तिच्या आड आलो होतो ते यंदा निदान बाजूला बसलो. मी म्हणालो, "ताई, या ऑगस्टला मीही चालायला येतो. पूर्ण. सर्वांत शेवटी, तुमच्याबरोबर. येऊ ना?"

ताईंनी डोळे मिटले.

"आधी वरण न सांडता आणायला शीक."